मधल्या तीव्रतेचा सापळा : ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील ट्रायथलॉन सरावाचा आढावा

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये विश्रांती न घेता एकापाठोपाठ एक पूर्ण करण्याची शर्यत, आणि तिच्यात एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे-बूट बदलण्यात गेलेला वेळही एकूण वेळेतच धरला जातो. या खेळाची आधुनिक सुरुवात १९७४ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात झाली. १९७८ मध्ये हवाई बेटांवर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी ‘आयर्नमॅन’ या नावाची दीर्घ शर्यत सुरू झाली. आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून १.५, ४० व १० किलोमीटरच्या आखूड स्वरूपात हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. मराठी माणसाच्या कानावर हा शब्द ठळकपणे पडला तो २०१५ मध्ये, मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली तेव्हा. त्यानंतर २०१९ पासून गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध-आयर्नमॅन होऊ लागली, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. या तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज ७०.३ होते, म्हणून ती त्या आकड्यानेही ओळखली जाते. कोल्हापूरची बर्गमन स्पर्धाही याच काळात राज्यभरातील हौशी खेळाडूंना खेचू लागली, आणि परदेशवारीच्या खर्चामुळे ज्यांना या खेळाचे नावही काढता येत नव्हते अशा नोकरदारांपुढे रात्रीच्या बसने गाठता येण्याजोगे ध्येय उभे राहिले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील खेळाडूंचा विचार याच पार्श्वभूमीवर करावा लागतो, कारण त्यांतील बहुतेक जण पूर्णवेळ खेळाडू नसून लोकलने कामावर जाणारी, चाळिशीच्या आसपासची, घर-संसार सांभाळणारी माणसे आहेत.

प्रस्तुत आढावा सायकल आणि धावणे या दोन प्रकारांपुरताच मर्यादित ठेवला आहे. साधारण तयारीच्या खेळाडूला अर्ध-आयर्नमॅनमध्ये पोहण्यास पाऊण तासाच्या आसपास, सायकलला सुमारे साडेतीन तास आणि धावण्यास अडीच तास लागतात, म्हणजे शर्यतीतील बहुतांश वेळ रस्त्यावर जातो. पोहण्याचे तंत्र शिकण्यासाठी ठाण्यातील मारोतराव शिंदे तरणतलावासारख्या सोयी आहेत आणि तेथे प्रशिक्षकही भेटतात. सायकल आणि धावणे मात्र प्रत्येकाला येतेच असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात चूक होते ती इथेच, आणि तीही दोन्ही प्रकार स्वतंत्रपणे करण्यात कमी, त्यांची एकमेकांशी सांगड घालण्यात जास्त.

सरावाच्या तीव्रतेविषयी गेल्या चार दशकांत मांडल्या गेलेल्या मतांचे काही प्रवाह ओळखता येतात. फिल मॅफेटोन यांनी १८० मधून वय वजा करून येणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांची मर्यादा सुचवली, म्हणजे चाळीस वर्षांच्या खेळाडूने मिनिटाला १४० ठोक्यांच्या वर जाऊ नये. हवाईची शर्यत सहा वेळा जिंकणारे मार्क ॲलन यांनी ही पद्धत वापरली, त्यामुळे तिला मोठी प्रतिष्ठा मिळाली. जो फ्रील यांनी वर्षाचे टप्पे पाडून, आधी पाया आणि मग धार, अशी आखणी लोकप्रिय केली. हंटर ॲलन आणि अँड्र्यू कॉगन यांनी पॅडलवर प्रत्यक्ष किती वॉट शक्ती लागते ते मोजणाऱ्या उपकरणावर सारी रचना बसवली. खेळाडू सुमारे तासभर टिकवू शकेल अशी कमाल शक्ती हा तिचा मापदंड, आणि व्यवहारात वीस मिनिटांच्या जोरदार चाचणीत मिळालेल्या सरासरीचे ९५ टक्के घेऊन तो काढला जातो. नॉर्वेत स्थायिक झालेले अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी वेगळ्या वाटेने विचार केला. उत्तम खेळाडूंना काय करायला सांगितले जाते यापेक्षा ते प्रत्यक्षात काय करतात हे त्यांनी तपासले, आणि नौकानयन, स्कीइंग, सायकल अशा दमाच्या खेळांत एकच आकृतिबंध पुन्हा पुन्हा आढळला : सुमारे ८० टक्के सराव अगदी हलका, उरलेला बराचसा खूप कठीण, आणि मधल्या तीव्रतेचे प्रमाण थोडे.

या मांडणीतील ‘हलका’ आणि ‘कठीण’ हे शब्द सैल अर्थाने वापरलेले नाहीत. व्यायामाची तीव्रता वाढत जाते तसा एक टप्पा असा येतो की श्वास जाणवण्याइतका वाढतो आणि रक्तातील लॅक्टेट, म्हणजे स्नायूंनी साखर वेगाने वापरताना तयार होणारा पदार्थ, मूळ पातळीच्या वर सरकू लागतो. हा पहिला उंबरठा. त्याच्या पुढे आणखी एक टप्पा येतो, तेथून लॅक्टेट साचतच जाते आणि माणूस काही मिनिटांत थांबतो. हा दुसरा उंबरठा. पहिल्याच्या खाली राहून पूर्ण वाक्ये बोलता येतात, दोन्हींच्या मध्ये तुटक वाक्ये बोलता येतात, दुसऱ्याच्या वर एखादा शब्दच निघतो. उपकरण नसलेल्या खेळाडूला बोलण्याची ही कसोटी पुरेशी आहे, आणि महागड्या घड्याळाच्या अंदाजापेक्षा ती अनेकदा खरी ठरते. आयर्नमॅनच्या तयारीवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात, खेळाडू मोजकेच असले तरी, हाच कल दिसला : ज्यांनी पहिल्या उंबरठ्याखाली अधिक वेळ घालवला त्यांची कामगिरी चांगली झाली आणि ज्यांचा वेळ मधल्या पट्टीत गेला त्यांची तुलनेने खालावली, आणि हे घडले ते खुद्द शर्यत मुख्यतः मधल्याच पट्टीत पार पडत असताना. सायलर यांच्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. आठवड्याला वीस तास सराव करणाऱ्याचे प्रमाण आठ तास मिळणाऱ्याला जसेच्या तसे लागू करता येईल का, हा त्यांतला सर्वांत वजनदार प्रश्न आहे. शिवाय टोकियो ऑलिंपिकचे विजेते क्रिस्टियन ब्लुमेनफेल्ट यांच्या नॉर्वेजियन चमूने लॅक्टेट सतत मोजत दुसऱ्या उंबरठ्याच्या जरा खालीच भरपूर काम केले आणि यश मिळवले. तरीही दोन्ही पक्षांचे एका बाबतीत एकमत आहे : तीव्रता ठरवून निवडलेली असावी, परिस्थितीने लादलेली नसावी.

ठाणे-कल्याण पट्ट्याचा पेच नेमका येथे आहे. या भागाची परिस्थिती खेळाडूला त्याच्या नकळत मधल्या पट्टीत ढकलते. घोडबंदर रस्ता, कल्याण-शीळ रस्ता, माजिवड्याचा चौक किंवा भिवंडी वळणरस्ता यांपैकी कोठेही सायकल काढली तरी सिग्नल, मेट्रोच्या कामांचे अडथळे, कंटेनर आणि खड्डे यांमुळे वीस मिनिटेही एका लयीत पॅडल मारता येत नाही. थांबणे, पुन्हा जोर लावून वेग घेणे, ट्रकच्या बाजूने घाईने निसटणे, पुन्हा थांबणे, अशा दोन तासांची सरासरी काढली तर ती ‘मध्यम’ निघते. पण शरीराला त्यातून ना हलक्या सरावाचा दीर्घ अखंडपणा मिळतो, ना कठीण सरावाचा नेमका ताण. धावण्यात हेच काम दमटपणा करतो. खाडीकाठच्या या भागात पावसाळी पहाटेस हवा पाण्याने जवळजवळ संपृक्त असते, घाम वाफ होऊन उडण्याऐवजी ओघळतो, आणि ओघळलेला घाम शरीर थंड करत नाही. मग त्वचेकडे अधिक रक्त पाठवण्यासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, आणि जानेवारीत ज्या वेगाने गप्पा मारत धावता येत असे त्याच वेगाला जूनमध्ये धाप लागते. खेळाडू घड्याळातला वेग कायम ठेवतो, आणि त्याचे हलके धावणे त्याच्या नकळत मधल्या पट्टीत सरकते. तिसरे कारण वेळेचे आहे : ज्याला सकाळी पावणेआठची लोकल गाठायची आहे त्याच्या मनात एक तास मिळाला तर तो ‘वाया जाऊ नये’ अशी धडपड असते, म्हणून तो रोजच थोडा जोर लावतो. परदेशी पुस्तकांतील सल्ला यासाठी अपुरा पडतो, कारण त्यांचे लेखक मोकळा रस्ता, कोरडी हवा आणि सलग वेळ गृहीत धरतात. येथील सल्ल्याचा पहिला मुद्दा, म्हणून, या ढकलण्याला जाणीवपूर्वक विरोध करणे हाच असला पाहिजे.

सायकलीच्या बाबतीत हा विरोध सराव दोन ठिकाणी विभागून करता येतो. कठीण सराव घरात, मागचे चाक किंवा त्याजागी साखळी जोडता येणाऱ्या होम ट्रेनरवर; आणि लांब, हलका सराव आठवड्यातून एकदा शहराबाहेर. घरातल्या सरावाविषयी अजूनही कमीपणाची भावना आढळते, खरी सायकल रस्त्यावरच चालवली जाते असे मानणारे जुने सायकलपटू या पट्ट्यात पुष्कळ आहेत, आणि मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून ‘घाटांचा राजा’ हा किताब मिळवणाऱ्यांची परंपरा ज्या प्रदेशाला आहे तेथे हे मत समजण्याजोगेही आहे. पण तीव्रतेवरचे नियंत्रण हाच निकष धरला तर ट्रेनरला येथे पर्याय नाही. सायलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हौशी सायकलपटूंवर केलेल्या तुलनेत, आठ मिनिटांचे चार जोरदार तुकडे, मध्ये थोडी विश्रांती देऊन, घेणाऱ्यांची प्रगती चार मिनिटांचे किंवा सोळा मिनिटांचे चार तुकडे घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. आधीचे अंग मोकळे करणे आणि नंतरचे थंड होणे धरून हा सराव तासाभरात बसतो, त्याला ना रस्ता लागतो ना उजेड, आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरातही तो होऊ शकतो. खिडकी उघडी आणि समोर मोठा पंखा एवढी अट मात्र पाळावी लागते, कारण जागच्या जागी चालणाऱ्या सायकलीला वाऱ्याचा झोत मिळत नाही आणि पाचव्या मिनिटालाच शरीर तापते.

शहराबाहेरचा लांब सराव प्रत्येक गावाच्या भूगोलानुसार ठरतो. कल्याणकरांसाठी मुरबाडकडे जाणारा आणि पुढे सरळगाव, टोकावडे यांवरून माळशेजच्या पायथ्याकडे नेणारा रस्ता, डोंबिवलीकरांसाठी काटई-नेवाळीवरून बदलापूर आणि बारवी धरणाकडची वाट, ठाणेकरांसाठी नाशिक महामार्गावरून पडघा-शहापूर, ही नेहमीची दिशा. ठाण्याला येऊरचा चढही हाताशी आहे. अंतर थोडे, पण तीव्र, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असल्याने वन विभागाच्या वेळा पाळूनच वापरण्याचा. येऊर वारंवार चढणे हा पायांत ताकद आणणारा उत्तम व्यायाम आहे, मात्र तोच एक व्यायाम करून गोव्याच्या ९० किलोमीटरची तयारी होत नाही, कारण तेथे तीन-साडेतीन तास बसण्याची जागा न सोडता एकसारखा दाब द्यायचा असतो.

रविवारच्या सामुदायिक फेरीबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. दुसऱ्या सायकलीच्या मागे चिकटून चालवल्यास हवेचा रोध कमी होतो आणि साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश कष्ट वाचतात. ताशी तीस किलोमीटरला खेळाडूची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होत असल्याने हा फायदा फार मोठा असतो. ऑलिंपिकच्या शर्यतीत असे मागे राहण्यास परवानगी आहे, पण आयर्नमॅन प्रकारात हौशी खेळाडूंना पुढच्या सायकलीपासून १२ मीटरचे अंतर राखावे लागते आणि ते मोडल्यास दंड म्हणून ठरावीक वेळ थांबावे लागते. बारा जणांच्या थव्यात पडघ्यापर्यंत ताशी एकतीसच्या वेगाने गेलेला खेळाडू एकटा पडला की सत्तावीसवर येतो, आणि हे त्याला शर्यतीच्या दिवशी कळू नये. सामुदायिक फेरी सुरक्षेसाठी आणि मैत्रीसाठी हवीच. महामार्गावर एकट्या सायकलपेक्षा दिवे लावलेला गट चालकांना अधिक दिसतो. पण दर दोन फेऱ्यांपैकी एकीत तरी गटातील प्रत्येकाने सुटे अंतर राखून चालवावे, आणि चढावर परस्परांशी शर्यत लावण्याचा मोह टाळावा, कारण त्या दोन मिनिटांच्या ईर्ष्येने तीन तासांचा हलका सराव पुन्हा मधल्या पट्टीत जातो.

सायकलीवरची बैठक हा विषय हौशी खेळाडू बहुधा वेगासाठी हाताळतात. वास्तविक तो धावण्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. कोपरे पुढे टेकवून वाकण्याच्या दांड्या लावल्या की हवेचा रोध घटतो, परंतु साध्या रोड सायकलीवर तेवढ्यानेच भागत नाही, कारण धड खाली गेल्याने मांडी आणि पोट यांमधला कोन आवळला जातो आणि नितंबाच्या पुढील बाजूचे स्नायू तीन तास आखडून राहतात. त्या स्थितीतून उतरलेला माणूस कमरेत वाकलेलाच धावू लागतो. सीट थोडी पुढे आणि किंचित वर घेऊन हा कोन पुन्हा मोकळा करता येतो, ट्रायथलॉनसाठी बनवलेल्या सायकलींत सीटखालची नळी अधिक उभी असते ती याचसाठी. जाणकाराकडून एकदा बैठक मोजून घेण्यावर झालेला खर्च हा महागड्या चाकांवरच्या खर्चापेक्षा अधिक सत्कारणी लागतो.

सायकलीवरून उतरल्यावर पाय आपले न वाटण्याचा अनुभव प्रत्येक नवख्याला येतो आणि त्यामागे बरीच कारणे एकवटलेली असतात. सायकल चालवताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात. धावताना प्रत्येक पावलाला ते ताणले जात असतानाच भार झेलतात आणि पुढच्या क्षणी उसळी देतात, म्हणजे त्यांचे काम जवळजवळ उलटे असते. शिवाय तीन तास पॅडलच्या ज्या फेऱ्यांची लय अंगात भिनलेली असते ती काही काळ पावलांतही टिकते. ग्रेग्वार मिले आणि व्हेरोनिका व्लेक यांनी २००० साली या संक्रमणावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा स्वतंत्र धावण्याच्या तुलनेत सायकलीनंतरच्या धावण्यात ऊर्जेचा खर्च १.६ ते ११.६ टक्क्यांनी वाढल्याची नोंद त्यांना निरनिराळ्या अभ्यासांत आढळली. ही तफावत लक्षणीय आहे, आणि ती प्रामुख्याने खेळाडूच्या पातळीवर अवलंबून असते. म्हणजेच हे नुकसान सरावाने कमी करता येते.

सायकलीला लागूनच धावण्याचा जो सराव केला जातो त्याला या वर्तुळात ‘ब्रिक’ म्हणतात. त्याविषयीचा अतिरेक दोन्ही बाजूंनी दिसतो. काही जण तो कधीच करत नाहीत, तर काही दर रविवारी ऐंशी किलोमीटर सायकलीनंतर पंधरा किलोमीटर धावतात आणि सोमवार-मंगळवार निकामी करून घेतात. संक्रमणाचा त्रास मुख्यतः पहिल्या काही किलोमीटरांत असतो, त्यामुळे सरावही तेवढ्यापुरताच पुरेसा आहे : आठवड्यातून एकदा, सायकलीनंतर पाच मिनिटांच्या आत, वीस ते तीस मिनिटे. ट्रेनरवरचा सराव संपवून बूट बदलले, लिफ्टने खाली उतरले आणि सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारल्या तरी हेतू साधतो. सायकलीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत हलका गिअर घेऊन मिनिटाला नव्वदच्या आसपास फेऱ्या ठेवाव्यात, म्हणजे पावलांची लयही जलद राहते. लांब ब्रिक मात्र शर्यतीपूर्वीच्या दोन महिन्यांत दोन-तीनदाच करावी, आणि ती खाण्यापिण्याची तालीम म्हणून करावी.

धावण्याचे आठवड्याचे अंतर किती वाढवावे याबाबत दहा टक्क्यांचा नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समधील ख्रोनिंगन येथे नवख्या धावपटूंवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या नियमाने अंतर वाढवणाऱ्या गटात आणि नेहमीचा कार्यक्रम पाळणाऱ्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच, दोन्हीकडे सुमारे २० टक्के, आले. अलीकडचा विचार असा की आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी घेतलेली मोठी उडी अधिक घातक असते. गेल्या महिन्याभरात जे सर्वांत लांब धावणे झाले असेल त्याच्या बरेच पुढे अचानक जाणे हे दुखापतीचे निमंत्रण ठरते. सायकलीवर दम कमावलेल्या माणसाला हा धोका विशेष असतो, कारण त्याचे हृदय आणि फुप्फुसे दोन तास धावायला तयार असतात, तर नडगीचे हाड, टाचेमागची शीर आणि तळपायाचा पडदा हे या भारासाठी अजून घडलेले नसतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो आणि सायकलीवर तो जवळजवळ शून्य असतो. म्हणून या खेळाडूने आठवड्यातून एकदा खूप धावण्यापेक्षा चार वेळा थोडे थोडे धावावे हेच श्रेयस्कर. ठाण्यात कचराळी तलाव आणि उपवन, कल्याणात काळा तलाव, डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडासंकुलाचा परिसर अशा जागा या आखूड, हलक्या धावण्यासाठी सोयीच्या आहेत. काँक्रीटच्या रस्त्याची जी धास्ती घेतली जाते ती काहीशी अवाजवी आहे, कारण पाय आपला ताठपणा पृष्ठभागानुसार बदलून घेतात. खरा उपद्रव उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचा आणि रस्त्याच्या कडेच्या उताराचा, ज्याने एकच पाय सतत खाली पडतो. ताकदीचा व्यायामही इथेच नमूद केला पाहिजे : नॉर्वेचे बेंट रोनेस्टाड आणि इतरांच्या कामातून दिसते की आठवड्यातून दोनदा जड वजनाच्या मोजक्या उठाबशांसारख्या व्यायामाने सायकल आणि धावणे या दोन्हींतील ऊर्जेची बचत होते, आणि पिळदार दिसण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

वर्षाचे वेळापत्रक हा या प्रदेशातील सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. गोव्याची शर्यत आजवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होत आली आहे, म्हणजे तिच्या तयारीचे सर्वांत जड आठवडे जुलै ते सप्टेंबर या काळात पडतात, जेव्हा ठाणे जिल्ह्यात वर्षाचा सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असतो, रस्ते सर्वांत वाईट अवस्थेत असतात आणि मध्येच गणपती येतात. पुस्तकी आखणीनुसार या वेळी लांब सायकल फेऱ्या कळसाला पोचायला हव्यात. व्यवहारात त्या फेब्रुवारी ते मेमध्ये उरकाव्यात, पावसाळ्यात सायकल मुख्यतः घरात आणावी आणि धावणे वाढवावे. ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन ऑगस्टमध्ये येते ती या दृष्टीने सोयीचीच, कारण तिच्यातील २१ किलोमीटर हे मोसमाच्या मध्यावर एक प्रामाणिक चाचणी ठरू शकतात, सर्वस्व पणाला न लावता धावले तर. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरपासून, दोन-तीन लांब फेऱ्या मिळाल्या तरी उन्हाळ्यात बांधलेली बैठक परत येते. हिवाळ्याची पहाट सरावाला आल्हाददायक असते खरी, पण त्या वेळी थंड हवेचा थर जमिनीलगत बसून धूर आणि धूळ खाली दाबून ठेवतो, आणि जोरदार व्यायामात मिनिटाला आत जाणारी हवा विश्रांतीच्या दहापटीहून अधिक होते. औद्योगिक पट्ट्यालगत राहणाऱ्यांनी असे दिवस ओळखून कठीण सराव घरात घ्यावा.

पावसाळी तयारीचा एक छुपा तोटा असा की खेळाडू दमटपणाला सरावतो, उन्हाला नाही, आणि गोव्यात धावण्याची वेळ येते तेव्हा ऑक्टोबरचे ऊन डोक्यावर आलेले असते. शरीर उष्णतेला जुळवून घेते ते साधारण १० ते १४ दिवसांत : रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो, त्यातील मीठ घटते. यासाठी शर्यतीपूर्वीच्या तीन आठवड्यांत काही हलकी धावणी पहाटेऐवजी अकराच्या सुमारास घ्यावीत, आणि तेव्हा वेग न पाहता ठोके पाहावेत. घामावाटे तासाला लिटर-दीड लिटर पाणी जाणे येथे नेहमीचे आहे. ते केवळ साध्या पाण्याने भरून काढण्याच्या प्रयत्नात रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते, म्हणून तहानेपुरते पाणी आणि त्यात मीठ ही जोडी राखावी. एक ग्रॅम मिठातून सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. ॲस्कर जुकेंड्रुप यांच्या संशोधनानुसार एकट्या ग्लुकोजचे आतड्यातून शोषण तासाला सुमारे ६० ग्रॅमवर अडते, फ्रुक्टोज मिसळल्यास ते ९० ग्रॅमपर्यंत जाते. घरातल्या साखरेत हे दोन्ही असल्याने मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत हे या बाबतीत कोणत्याही विकतच्या पावडरीच्या जवळपास पोचते. केळे, खजूर, साबुदाण्याची खीर हे सायकलीवर चालते, धावताना मात्र पातळच बरे. काय पचते हे उन्हाळ्यातल्या लांब फेऱ्यांतच ठरवून टाकावे.

सरावाचा भार मोजताना कार्ल फॉस्टर यांची पद्धत सर्वांत सोपी आहे : प्रत्येक सत्राला शून्य ते दहा असा कष्टाचा अंक द्यायचा आणि मिनिटांनी गुणायचे. साठ मिनिटांचे हलके धावणे तीन अंकाचे धरले तर भार १८०, तेवढाच वेळ आठ अंकाच्या ट्रेनर सत्राचा ४८०. या पट्ट्यातील खेळाडूने या बेरजेत प्रवासही धरावा असे सुचवावेसे वाटते. कल्याण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५४ किलोमीटरवर आहे, डोंबिवली ४८. जाण्यायेण्याचे अडीच तास गर्दीत उभ्याने काढणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या आणि कंबर संध्याकाळी ताजी नसतात, आणि त्या अवस्थेत मंगळवारी रात्री घेतलेला कठीण सराव कागदावर असतो त्यापेक्षा बराच जड पडतो. ज्या दिवशी घरून काम असेल तो दिवस कठीण सत्राला द्यावा. ज्या दिवशी झोप सहा तासांच्या आत आली असेल त्या दिवशी कठीण सत्र हलक्यात बदलावे आणि त्याची खंत करू नये. आठ-नऊ तासांच्या आठवड्यात एक कठीण सायकल, एक कठीण किंवा चढाचे धावणे, एक लांब सायकल, आणि बाकी सारे बोलता येईल इतके हलके, यापलीकडे बहुतेकांना काही लागत नाही.

स्त्री खेळाडूंच्या संदर्भात एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि धावण्याने लोहाची गरज वाढतेच. ज्या स्त्रीचे हलके धावणे महिनोन्‌महिने जड वाटते तिला अधिक मेहनतीचा सल्ला देण्याआधी हिमोग्लोबिन आणि लोहसाठा दर्शवणाऱ्या फेरिटिनची तपासणी सुचवणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य आहे. सरावाच्या मानाने कमी खाल्ल्याने पाळी अनियमित होणे आणि हाडे ठिसूळ होणे यांचा संबंध आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये अधोरेखित केला. पाळी थांबणे हे कसून सराव केल्याचे लक्षण नसून शरीर उपाशी असल्याची खूण आहे. पुरेसे खाऊन, तपासण्या करून, योग्य साथ मिळाली तर काय घडू शकते हे २०२५ च्या उत्तराखंडमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांच्या ट्रायथलॉनचे सुवर्णपदक महाराष्ट्राच्या डॉली पाटील हिने जिंकले तेव्हा दिसलेच आहे.

शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत सरावाचे एकूण प्रमाण साधारण निम्म्यावर आणावे, पण तीव्रता आणि दिवसांची संख्या फारशी घटवू नये, असे या विषयावरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सांगते. ज्या वर्षी दिवाळी याच सुमारास येते त्या वर्षी घराची साफसफाई, खरेदी आणि जागरणे यांचा भार वाचलेल्या सरावाची जागा घेतो, तेव्हा घरच्यांशी हे आधी बोलून ठेवलेले बरे. शर्यतीत सायकल तासभर टिकणाऱ्या कमाल शक्तीच्या सत्तर ते पंचाहत्तर टक्क्यांवर ठेवावी. पहिल्यांदा उतरणाऱ्याला हे हास्यास्पद सोपे वाटते आणि बाजूने लोक पुढे जात असतात. धावण्याचा पहिला किलोमीटर ठरवलेल्या सरासरीपेक्षा सुमारे पाच टक्के हळू घ्यावा. क्रिस्तोफ ऑसविर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १० किलोमीटरच्या धावण्यावर केलेल्या तुलनेत अशा सुरुवातीने एकूण वेळ सर्वांत कमी लागला, आणि पाच टक्के अधिक वेगाने सुरू करणारे शेवटी मागे पडले. सहा मिनिटांना किलोमीटर धावू इच्छिणाऱ्याच्या बाबतीत हा फरक अठरा सेकंदांचा आहे.